पाचवा धागा

ताईने माझ्यावर तीन कामं सोपवली होती. एक लोकरी मफलर आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची एक बाटली डोंगरावर पोचवायची, आणि एक नवरा खाली आणायचा. पहिल्या दोन वस्तू पिशवीत मावल्या. तिसरीबद्दल मला शंका होती.

"डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना नीट सांग," ताई म्हणाली. "आणखी एक हिवाळा वर काढला तर हृदय दगा देईल, असं म्हणाले. असंच सांग. गुळगुळीत करून सांगू नकोस. तुझी ती ऑफिसातली खोड आहे."

"आणि तरी नाही म्हणाले तर?"

"तर मी वर जाऊन बसते. हे गुडघे घेऊन. मग आम्हा दोघांना खाली आणायला तूच येशील."

ताईचं बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी काम माझ्याच टेबलावर येऊन पडतं. मी छत्तीस वर्षं कारकुनी केली. कुणीतरी सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं, यापलीकडे माझ्याकडून जगाने फारशी अपेक्षा ठेवली नाही आणि मीही जगाला निराश केलं नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजूनही कुणी जरा ठासून काही बोललं की माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो. ही सवय निरुपद्रवी आहे असं मी त्या दिवसापर्यंत समजत होतो.

भुताखेताच्या गोष्टी मध्यरात्री घडाव्यात असा संकेत आहे. माझा नाइलाज आहे. ही भर दुपारी बारा वाजता घडली, आणि जेमतेम दहा मिनिटं आधी बाहेरच्या अंगणात वीस-पंचवीस पर्यटक सँडविच खात होते.

डोंगरावरची ती वेधशाळा फार जुनी. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, तिथे सारी हयात निरीक्षक होते. आता तिचं संग्रहालय झालं आहे. सकाळी पर्यटकांची एक बस वर जाते आणि दुपारी दीडला परत खाली येते. अर्धा डोंगर चढेपर्यंत बाहेर धुकं होतं, इतकं दाट की ड्रायव्हर रस्ता आठवून चालवत असावा. मग एका वळणावर आम्ही एकदम धुक्याच्या वर आलो. खाली सगळं पांढरं, सपाट, आवाज नसलेलं. वर लख्ख ऊन. माझ्या शेजारचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, ढगांच्या वर आलो." बायको म्हणाली, "गॅस बंद केला होता ना तुम्ही?" त्यानंतर ते गृहस्थ प्रवासभर गप्प होते.

भाऊजींनी खोलीचं दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात दोन स्वेटर होते, आणि त्या दोन स्वेटरांत भाऊजी नेमके कुठे आहेत ते शोधावं लागत होतं.

"या मेहुणे," ते म्हणाले. "तिने पाठवलं?"

"छे. मला ताऱ्यांची आवड लागली."

"दिवसा?"

"निवृत्त माणसाला काय दिवस आणि काय रात्र."

ते हसले आणि खोकले. खोकला हसण्यापेक्षा बराच लांबला. मग त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला. खोलीत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची आणि खाटेखाली एक बॅग. मी मफलर दिला, तेल दिलं, आणि डॉक्टरांचं म्हणणं अजिबात गुळगुळीत न करता सांगितलं. परगावच्या हवामानाची बातमी ऐकावी तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

"बॅग भरलेली आहे," ते म्हणाले आणि पायाने ती थोडी पुढे ओढली. "नऊ वर्षं भरलेलीच आहे. मधूनमधून कपड्यांना ऊन दाखवतो आणि परत भरतो."

"मग उचला आणि चला. बस दीडची आहे."

"पाचवा आला की निघतो."

"कोण पाचवा?"

भाऊजींनी दोन कप भरले. माझ्यापुढे एक ठेवला आणि मग, एखाद्या नवख्या माणसाला काम समजावून सांगावं तसं त्यांनी मला सगळं सांगितलं. मी ते इथे माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांच्या सांगण्यात गणित फार होतं.

वेधशाळेच्या मधोमध एक बुटकी, लांबट खोली आहे. तिच्या छपराला उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी एक फट आहे आणि फटीखाली एक दुर्बीण. ही दुर्बीण डावी-उजवीकडे वळतच नाही, फक्त वर-खाली होते. ती सूर्याकडे जात नाही, सूर्यानेच तिच्यासमोरून जायचं. (आमचे एक साहेब असेच होते.) तिच्या काळ्या भिंगात पाच उभे धागे ताणलेले आहेत. ते कोळ्याच्या जाळ्याचे असतात, कारण तितका बारीक धागा माणसाला काढता येत नाही. बाराच्या सुमारास सूर्याची कड एकेका धाग्याला लागते. लागली की वरचा माणूस म्हणतो, "आला." घड्याळ मात्र वर नसतं. ऊन-थंडीने घड्याळं चुकतात म्हणून ते बावीस पायऱ्या खाली, तळघरात. तिथे दुसरा माणूस घड्याळासमोर बसतो. वरून खाली एक पितळी नळी गेलेली आहे. नळीतून "आला" ऐकू आलं की खालच्याने काटा बघायचा, सेकंदाचा आकडा आपल्या वहीत लिहायचा आणि तोच मोठ्याने नळीतून वर सांगायचा, म्हणजे वरचाही तो आपल्या वहीत टिपतो. असे पाच धागे, पाच आकडे. एकेकाळी खालचं सगळं शहर या पाच आकड्यांवर आपली घड्याळं लावत असे.

"नियम एकच," भाऊजी म्हणाले. "खालून आकडा आल्याशिवाय वरच्याने भिंगावरचा डोळा काढायचा नाही. अर्धवट नोंद म्हणजे नोंदच नाही."

खालचा माणूस सव्वीस वर्षं एकच होता. त्याला सगळे काटा म्हणत. उंच, किडकिडीत, आणि मिनिटभर उशीर झालेल्या माणसाला तासभर टोचून बोलणारा. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा.

"नऊ वर्षांपूर्वी, शेवटी शेवटी, आमचं बोलणं बंद होतं," भाऊजी म्हणाले. "वार्षिक अहवालावर वरची सही कुणाची, यावरून. मी म्हणायचो माझी, कारण बघतो मी. तो म्हणायचा त्याची, कारण वेळ तो सांगतो."

मी गंभीरपणे मान हलवली. आमच्या कचेरीत एका शिक्क्यावरून दोन माणसं अकरा वर्षं एकमेकांशी बोलली नव्हती, आणि त्यांचं टेबल एकच होतं.

"पण बारा वाजता बोलायचो. ते काम होतं, ते बोलणं नव्हतं. त्या दिवशी पहिल्या धाग्याला मी म्हटलं आला, त्याने आकडा सांगितला. दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला मी म्हटलं आला... आणि खालून काहीच नाही."

"मग?"

"मला वाटलं मुद्दाम करतोय. माझी नोंद अर्धी राहावी म्हणून. म्हटलं ठीक आहे. नियमाप्रमाणे आकडा आल्याशिवाय डोळा काढायचा नाही ना, मग नाहीच काढत. बघू या कोण आधी हलतं ते." भाऊजी कपाकडे बघत होते. "सूर्य केव्हाच पुढे निघून गेला होता. भिंगात नुसता काळोख. त्या काळोखाला डोळा लावून मी बसून राहिलो. अठरा मिनिटं."

स्टोव्ह विझवला होता तरी त्याची वात अजून वास मारत होती.

"शेवटी पाय भरून आले म्हणून उठलो. त्याची काळजी वाटली म्हणून नाही, हे तुला खरं सांगतो. खाली गेलो तर तो खुर्चीखाली पडलेला. पेन हातात. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी कुणी बघितलं असतं तर..."

"ताईला माहीत आहे हे?"

"काटा खाली पडून गेला, एवढं माहीत आहे. अठरा मिनिटं माहीत नाहीत."

त्यानंतर महिन्याभरात वेधशाळेचं काम बंद झालं. खालचं घड्याळही थांबवलं. भाऊजींना मानद मार्गदर्शक म्हणून राहता आलं; पाहुण्यांना वेध कसा घेतात ते रोज बाराला दाखवायचं. पहिल्या दिवशी ते दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि सूर्य धाग्याला लागला तेव्हा केवळ सवयीने नळीत म्हणाले, "आला."

"आणि खालून आकडा आला," भाऊजी म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"चार आले. पाचवा नाही. तेव्हापासून ढग नसेल त्या प्रत्येक दिवशी असंच. चार येतात. पाचवा येत नाही. तो आला की मी निघतो. त्याच दिवशी."

"भाऊजी, स्पष्ट बोलू का? एकटा माणूस, उंच जागा, विरळ हवा, त्यात मनाला लागलेली गोष्ट..."

"वेडा असतो तर पाचही ऐकू आले असते," भाऊजी शांतपणे म्हणाले. "स्वतःला फसवायचंच तर कुणी एक कमी कशाला ठेवेल?"

मी दोन्ही कप विसळायला घेतले.

साडेअकराला भाऊजी तयारीला गेले. मी अंगणात उन्हात उभा राहिलो आणि तिथेच मला तो विचार सुचला. विचार सोपा होता. या माणसाला खाली न्यायला फक्त एक आकडा हवा होता. आकडा सांगायला भूत कशाला पाहिजे, कारकून पुरे. तळघरात जाऊन बसायचं, पाचवा "आला" ऐकू आला की मनगटावरचं घड्याळ बघायचं आणि नळीत सेकंद सांगून टाकायचे. फसवणूक होती, मान्य आहे. पण ताईचे गुडघे आणि भाऊजींचं हृदय एका पारड्यात टाकलं की माझी सचोटी दुसऱ्या पारड्यात फार हलकी वाटायला लागली.

किल्ल्या गाईडबाईंकडे होत्या. पस्तिशीच्या, निळा कोट, कमरेला जुडगा. पर्यटकांना सांगायचं सगळं त्यांना पाठ होतं, विनोदांसकट. मी त्यांना बाजूला घेऊन बेत सांगितला.

"रोज नळीत बोलतात ते," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं नाटक आहे. टाळ्या वाजवतात. मलाच वाईट वाटतं." त्यांनी जुडग्यातून एक किल्ली काढली. "हे आजोबा गेल्या थंडीत दोनदा चक्कर येऊन पडले. खरंच घेऊन जा त्यांना. मी वर सगळ्यांना शांत ठेवते. पण तुम्ही एकटे जाणार खाली?"

"का? खाली कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग एकटाच जाईन."

"मी जात नाही," त्या म्हणाल्या. "ओल आहे फार." आणि पर्यटकांकडे वळून त्यांनी पाठ केलेलं पुढचं वाक्य सुरू केलं.

बावीस पायऱ्या मी मोजत उतरलो. दहाव्या पायरीवर वरचं ऊन संपलं. पंधराव्या पायरीवर माणसांचे आवाज संपले. बाकीच्या सात पायऱ्या टॉर्चच्या उजेडात. खाली गोल, बुटकी खोली होती. भिंती जाड, गार, हात लावला तर घाम आल्यासारख्या ओलसर. तेलाचा, जुन्या लाकडाचा आणि बंद कपाटाचा वास. समोर उंच काचेच्या पेटीत ते घड्याळ. लंबक सरळ खाली लोंबत होता, काटे नऊ वर्षांपूर्वी थांबवले तिथे. घड्याळापुढे टेबल, टेबलाशी खुर्ची, आणि खुर्चीच्या डाव्या हाताला भिंतीतून बाहेर आलेलं नळीचं पितळी तोंड, वाटीएवढं.

मी खुर्चीत बसलो. बसायला दुसरं काही नव्हतं. टॉर्च टेबलावर आडवा ठेवला, त्याच्या उजेडात मनगट धरलं. लिहायला कागद नव्हता म्हणून बसचं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर पेन टेकवून बसलो. आकडा फक्त बोलायचा होता, लिहायचा नव्हता, हे माझ्या हाताला कोण सांगणार?

थांबलेल्या घड्याळासमोर बसणं विचित्र असतं. टिकटिक नाही हे कानाला सारखं जाणवत राहतं. जीभ पडलेल्या दाताच्या जागी जात राहते तसा कान त्या टिकटिकीच्या जागी जात होता.

बारा वाजून तीन मिनिटं झाली. मग चार.

"आला," नळी म्हणाली.

भाऊजींचा आवाज होता, पण बावीस पायऱ्या आणि एवढी दगडी भिंत ओलांडून आलेला, बारीक, अगदी कानाशी. मी घड्याळ बघितलं. तीस सेकंद. हाताने तिकिटावर ३० लिहिलं. मी कान टवकारून बसलो. तळघरात कुणी बोललं नाही. एक शब्द नाही. मला हायसं वाटलं, आणि भाऊजींबद्दल वाईटही वाटलं.

"आला."

अठ्ठेचाळीस. मी लिहिलं. खोलीत शांतता. मात्र या वेळी मला वाटलं, ही शांतता रिकाम्या खोलीची नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस बोलून नुकताच थांबला की जी शांतता होते, ती. छत्तीस वर्षं ऐकलेली. ओळखायला चूक होणार नाही.

"आला..."

सहा. हात लिहीत होता. टॉर्चचा उजेड नळीच्या तोंडावर तिरपा पडला होता आणि मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मी बघितलं. गार पितळेवर फुंकर मारली की धुरकट डाग उमटतो आणि कडेने आत आत विरत जातो... तसा डाग त्या पितळी तोंडावर होता. विरत होता.

माझं तोंड नळीपासून दोन हात लांब होतं.

"आला."

चोवीस. मी बघत होतो. विरत आलेला डाग पुन्हा भरला. सावकाश, मधून कडेपर्यंत. आवाज काहीच नाही. मग तो परत विरायला लागला.

उठून पळावं असं वाटलं का, असं मला पुढे एकाने विचारलं. वाटलं. पण अठरा सेकंदांनी पाचवा धागा होता, आणि पाचव्या धाग्यानंतर ताईचा माणूस घरी येणार होता. शिवाय बावीस पायऱ्या अठरा सेकंदांत चढणं माझ्या वयाला जमलं नसतं. मी नळीकडे वाकलो. पितळ गालाला लागलं. दुसऱ्याने बराच वेळ बोलून नुकताच खाली ठेवलेला फोन कानाला लावला की तो कसा लागतो... तसं. ऊबदार. दमट.

"आला," भाऊजी म्हणाले.

आणि मग वर ते थांबले. ती वाट बघणं नळीतून खाली ऐकू येत होतं. नऊ वर्षांचं.

"बेचाळीस," मी म्हणालो.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. काही क्षण काहीच झालं नाही. वर कुणीतरी शिंकलं. मग नळीतून भाऊजींचा आवाज आला, अगदी हळू.

"लिहिलं?"

"लिहिलं," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

पुढे वर ते आणखी काहीतरी बोलले, दोन-तीन वाक्यं, पण मला शब्द लागले नाहीत, कारण मी तोवर सहाव्या की सातव्या पायरीवर होतो.

वर पोचलो तर पर्यटक टाळ्या वाजवत होते आणि भाऊजी दुर्बिणीपासून उठून रुमालाने डोळे पुसत होते. काळ्या भिंगातून फार वेळ बघितलं की डोळ्यांना पाणी येतं, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चला मेहुणे. बॅग घेतो."

एवढंच. नऊ वर्षांचा हट्ट, आणि खोलीला कुलूप लावायला त्यांना पाच मिनिटं लागली नाहीत. गाईडबाईंनी त्यांना हाताला धरून बसमध्ये बसवलं. मी किल्ली परत दिली. "काही त्रास नाही ना झाला?" त्यांनी विचारलं. "ओल आहे," मी म्हणालो.

बस धुक्यात शिरली. भाऊजी खिडकीशी, मी शेजारी. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना उलटी होते वळणावर. पिशवी आहे ना जवळ?" ताईचा आनंद असाच असतो.

मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. काम झालं होतं. पितळावरच्या डागाचं मी दोन वळणांत समाधानकारक स्पष्टीकरण शोधून काढलं होतं: वरून बोलणाऱ्याचा श्वास नळीतून खाली येत असणार. बावीस पायऱ्यांचं अंतर त्या स्पष्टीकरणात मी घेतलं नव्हतं, पण स्पष्टीकरणात सगळंच घ्यायचं नसतं.

"दाखव," भाऊजी म्हणाले.

"काय?"

"तुझे आकडे. वरची आणि खालची नोंद ताडून बघायची असते. रोज."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रागावलेले दिसत नव्हते.

"चाळीस वर्षं तुझा आवाज ऐकतोय, मेहुणे. नळीतून काय आणि कशातून काय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी तिकीट काढून दिलं. त्यांनी कोटातून आपली वही काढली. पान पान भरलेलं, प्रत्येक ओळीत चार आकडे आणि पाचवी जागा मोकळी. शेवटच्या पानावर आजची ओळ. तिच्यात पाच आकडे होते. त्यांनी वही आणि तिकीट शेजारी शेजारी धरलं.

माझ्या तिकिटावर होतं: ३०, ४८, ६, २४, ४२.

त्यांच्या वहीत होतं: ३१, ४९, ७, २५, ४३.

"प्रत्येकात एकाचा फरक," भाऊजी म्हणाले. "तुझं घड्याळ एक सेकंद मागे आहे."

"तुम्ही वर घड्याळ ठेवता?"

"वर घड्याळ नसतं. तुला सांगितलं ना."

ड्रायव्हरने तेवढ्यात रेडिओ लावला. दोनच्या बातम्यांआधीचे ठोके सुरू होते. शेवटचा लांब ठोका पडला तेव्हा मी मनगटाकडे बघत होतो. सेकंदकाटा एकोणसाठावर होता. मग तो साठावर आला.

"पण भाऊजी," मी म्हणालो, आणि माझा आवाज पुन्हा तळघरातल्यासारखा निघाला, "पाचवा मी सांगितला होता. बेचाळीस. तुम्हाला कळलंही होतं की तो मी आहे. मग तुम्ही आलात कसे?"

"तू बेचाळीस म्हणालास. आणि लगेच तो म्हणाला, त्रेचाळीस." भाऊजींनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं. सुटलेलं. "नऊ वर्षं माझ्याशी अबोला धरून बसला होता. पण त्याच्या खुर्चीत बसून कुणीतरी चुकीची वेळ सांगतंय म्हटल्यावर राहवलं नाही त्याला. बोलला."

खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं.

"मग मला विचारलं, हा कोण बसलाय म्हणून."

"...कुणाला विचारलं?"

"मला. नळीतून. मी सांगितलं, माझा मेहुणा आहे. कारकून होता. अक्षर चांगलं आहे, सांगितलेलं निमूटपणे लिहून घेतो. घड्याळ तेवढं मागे आहे, ते लावून घेईल." भाऊजींनी मफलर गळ्याभोवती नीट गुंडाळला. "खोटं काही नाही सांगितलं. तुझं चांगलंच सांगितलं."

बस एका वळणावर बराच वेळ वळत राहिली. विचारू नये हे मला कळत होतं.

"मग काय म्हणाला तो?"

"चालेल म्हणाला," भाऊजी म्हणाले. त्यांना जांभई आली. "तशी घाई नाही, असंही म्हणाला. सवडीने येऊ दे."

आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ते लहान मुलासारखे गाढ झोपी गेले. मी ते विचित्र तिकीट हातात धरून बसलो होतो. डोंगर उतरेपर्यंत मी मनगटाकडे बघितलं नाही, आणि घड्याळ एक सेकंद मागे आहे हे पक्कं माहीत असूनही मी ते आजतागायत लावून घेतलेलं नाही.